घरमालकाची ‘जागा खाली करा’ नोटीस आली तर काय काय करायचं

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की घरमालकाच्या वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. त्या कागदात कितीही जाड अक्षरात ‘१५ दिवसांत जागेचा खुला व शांततामय कब्जा द्यावा’ असं लिहिलेलं असलं तरी सोळाव्या दिवशी कोणी येऊन तुमचं सामान रस्त्यावर टाकू शकत नाही. जागा खाली करून घ्यायची तर मालकाला कोर्टात किंवा सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला अधिकारी) जावं लागतं, तिथून हुकूम मिळवावा लागतो आणि मग त्याची बजावणी करून घ्यावी लागते. पण म्हणून नोटीस फ्रिजवर ठेवून विसरून जा असंही नाही, कारण मी आजूबाजूला जे बघितलंय त्यात भाडेकरू कायद्यामुळे कमी हरतात आणि गप्प बसल्यामुळे, पावत्या नसल्यामुळे, नाहीतर घाईघाईत कुठेतरी सही ठोकल्यामुळे जास्त हरतात.

खाली लिहितोय ते महाराष्ट्रापुरतं, म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. गोव्यात १९६८ चा वेगळा कायदा आहे, तिथल्यांनी हे जसंच्या तसं वापरू नये. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ते ‘नवीन भाडे कायदा आला, दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेता येणार नाही’ वालं फॉरवर्ड फिरत असतं ना, ते मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टबद्दल आहे. तो केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला नमुना आहे, राज्याने स्वतःचा तसा कायदा केला तरच तो तिथे लागू होतो. मालकाशी बोलताना ते फॉरवर्ड पुढे करू नका, समोर वकील असला तर हसेल.

पाकीट आलं की घ्या

पोस्टमन आला की ‘घरात कोणी नाही म्हणून सांग’ हा आपल्याकडचा जुना उपाय. उपयोग शून्य. पत्ता बरोबर असेल आणि पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून ते परत गेलं तर कोर्ट सहसा नोटीस पोचली असंच धरतं. वर तुम्हाला आत काय लिहिलंय तेच कळत नाही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. नोटीस तुमच्याच हातात द्यायला पाहिजे असंही नाही, घरातल्या माणसाकडे दिली तरी चालते आणि तेही जमलं नाही तर दारावर चिकटवता येते.

घेतल्यावर पाकीट फेकू नका. त्यावर पोस्टाचा शिक्का आणि तारीख असते, तिच्या शेजारी तुम्हाला मिळाल्याची तारीख पेनाने लिहा आणि पाकीट नोटिशीला स्टेपल करून टाका, कारण पुढची सगळी दिवसांची मोजणी तिथून सुरू होते. दोन्हीचे मोबाईलवर फोटो काढून घरातल्या अजून एकाला पाठवून ठेवा.

मालकाने नुसता मेसेज टाकलाय, ‘महिनाअखेर रूम सोडा, मुलाचं लग्न आहे’, तरी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि एका ओळीत सभ्य उत्तर द्या, ‘तुमचा मेसेज मिळाला, यावर लेखी बोलू.’ फोनवर तावातावाने काही कबूल करू नका, हल्ली सगळे कॉल रेकॉर्ड करतात.

आता कपाटातून तुमचा कागद काढा

खरा फरक इथे पडतो आणि नेमकं हेच कोणी बघत नाही. महाराष्ट्रात ‘भाड्याने राहतो’ म्हणणारी माणसं दोन अगदी वेगळ्या जातीच्या कागदांवर राहतात. एक म्हणजे जुनी भाडेकरी, चाळीतली, वाड्यातली, पागडीची (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेली) खोली, भाडं शंभर-दोनशे नाहीतर हजार-दीड हजार, पावती पुस्तक, आजोबांच्या नावाने. दुसरं म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, ११ महिन्यांचं, ब्रोकरने ऑनलाइन रजिस्टर करून दिलेलं. पहिल्यात कायदा तुमच्या बाजूने भरपूर उभा राहतो आणि केस वर्षानुवर्षं चालते. दुसऱ्यात मुदत संपली की कायदा जवळजवळ पूर्ण मालकाच्या बाजूला जातो आणि सगळं भराभर होतं. पागडीवाल्या काकांचा सल्ला ऐकून लायसन्सवाल्याने ‘मला कोण काढतो बघू’ म्हणत बसणं हा खड्ड्यात जायचा राजमार्ग आहे. आधी लायसन्सचं बघू, ते लवकर संपतं.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी

अग्रीमेंटमध्ये तीन गोष्टी शोधा: मुदत कधी संपते, लॉक-इन (ठरावीक काळ मध्येच करार मोडता येत नाही अशी अट) आहे का, आणि नोटीस पिरियड किती. मुदत चालू आहे, तुम्ही पैसे वेळेवर देताय आणि मालक म्हणतो उद्या निघा, तर अग्रीमेंटमधला नोटीस पिरियड दाखवून तेवढा वेळ मागा. एक महिना लिहिला असेल तर एक महिना, त्यात लाजायचं काही नाही, तुम्ही मध्येच निघाला असता तर त्याने पण तेच केलं असतं.

मुदत संपली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली आणि तुम्ही जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि तुम्ही जितके दिवस जास्त राहाल त्याबद्दल ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई लागते. हिशोब करून बघा. महिना १८,००० असेल तर मुदतीनंतर ३६,००० पडतात, चार महिने अडून बसलात तर १,४४,०००. डिपॉझिट तर गेलंच, वरून खिशातून द्यायचे. मुदत संपल्यावरही मालक दोन-तीन महिने पैसे घेत राहिला म्हणून आपण आपोआप भाडेकरू झालो असा एक गोड गैरसमज आहे, त्यावर विसंबू नका. राहायचं ठरलं असेल तर नवीन अग्रीमेंट करून रजिस्टर करा. स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का आहे, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. १८,००० लायसन्स फी आणि ६०,००० डिपॉझिटचं ११ महिन्यांचं अग्रीमेंट धरलं तर पाचशेच्या आसपास स्टॅम्प आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी. एवढ्यासाठी लोक वर्षभर टेन्शनमध्ये राहतात.

सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर त्याच दिवशी बाकी सगळी कामं बाजूला ठेवा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला प्रतिज्ञापत्र देऊन ‘मला ही केस लढवायची परवानगी द्या’ अशी मागणी करावी लागते, आणि ती का द्यावी याची कारणं त्यातच लिहावी लागतात. हे ३० दिवस हुकले तर मालकाने अर्जात लिहिलेलं सगळं तुम्हाला कबूल आहे असं धरून थेट जागा खाली करायचा हुकूम होतो. ‘पहिल्या तारखेला जाऊन वेळ मागू’ ही साध्या दिवाणी कोर्टातली सवय इथे चालत नाही. हुकमावर अपील नाही, फक्त ९० दिवसांत रिव्हिजन (हुकूम तपासून बघा असा वरचा अर्ज) करता येते, आणि रिव्हिजन टाकली म्हणजे आपोआप स्टे (स्थगिती) मिळत नाही, तो वेगळा मागावा लागतो.

म्हणून लायसन्सवाल्यांना माझं मत विचाराल तर मुदत खरंच संपली असेल आणि मालक डिपॉझिट नीट परत द्यायला तयार असेल तर लढू नका, एक-दोन महिने लेखी वाढवून घ्या आणि घर शोधा.

अग्रीमेंट रजिस्टरच झालं नसेल तर? कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी मालकाची, आणि त्याने ती केली नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जाईल, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. बोलणी करताना हे कलम फार कामाला येतं. पण तेवढ्या आधारावर ‘मी आता कायमचा भाडेकरू’ असं कोर्टात सिद्ध करणं ही लांबची लढाई आहे, पैसे बँकेतून दिलेले नसतील तर अजून लांबची.

जुन्या भाडेकरूंसाठी: भाडं एक महिनाही थांबवू नका

नोटीस आली की रागाने पहिलं काय बंद होतं, तर भाडं. मालकाला नेमकं तेच हवं असतं. कलम १५ चा गाभा एवढाच आहे की भाडेकरू कायदेशीर भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे आणि बाकीच्या अटी पाळतोय तोवर त्याला काढता येत नाही. यातला ‘तयार आहे’ हा भाग पुराव्याने दाखवावा लागतो, नुसतं तोंडाने नाही.

थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस जाईपर्यंत त्याला त्या कारणावर दावा टाकता येत नाही. म्हणजे नोटिशीत थकबाकी मागितली असेल तर या ९० दिवसांत जे खरंच देणं आहे ते देऊन टाका, आणि रकमेबद्दल वाद असेल तर वादाची रक्कम ‘हक्क राखून’ देतोय असं लिहून द्या. तेही जमलं नाही आणि दावा पडला तरी अजून एक दार उघडं असतं: समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी साध्या १५ टक्के व्याजासह कोर्टात भरायची, दाव्याचा खर्च कोर्ट सांगेल तसा द्यायचा आणि मग दावा संपेपर्यंत दर महिन्याला न चुकता भरत राहायचं. इथे लोक पहिली मोठी रक्कम दागिने मोडून भरतात आणि नंतरच्या दोनशे रुपयांच्या महिन्याला विसरतात. त्या दोनशे रुपयांमुळे खोली जाऊ शकते, त्यामुळे मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, घरात दोघांच्या मोबाईलमध्ये लावा.

मालक भाडं घेत नसेल तर? हा खेळ जुना आहे, आधी पावती द्यायची बंद करतो, मग भाडं घ्यायचं बंद करतो आणि तीन वर्षांनी थकबाकीची नोटीस काढतो. पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण ती मागत भांडण्यापेक्षा बँकेतून पाठवा आणि ‘खोली भाडे, अमुक महिना’ असा शेरा टाका. खातं माहीत नसेल तर चेक पोस्टाने पाठवा किंवा मनीऑर्डर करा. ती नकाराच्या शेऱ्यासह परत आली की तो कागद जपून ठेवायचा, पुढच्या महिन्यात परत पाठवायची. कंटाळवाणं काम आहे पण कोर्टात अशा परत आलेल्या मनीऑर्डरचा गठ्ठा टेबलावर ठेवला की थकबाकीची केस तिथेच बरीचशी ढिली पडते.

मालक वारला आणि तीन मुलं वेगवेगळं भाडं मागतायत, हे तर दर दुसऱ्या वाड्यात. तिघांनाही एकच पत्र पाठवा की भाडं तयार आहे, वारसांपैकी कोणाकडे द्यायचं ते सगळ्यांच्या सहीने कळवा, आणि तोवर ते पैसे वेगळ्या खात्यात महिन्याच्या महिन्याला जमा करत राहा.

नोटिशीत कारण काय लिहिलंय ते शोधा

वकिली मराठी भरपूर फिरवून फिरवून लिहिलेली असते, ‘आमचे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून व सूचनेवरून’ इथपासून ‘नोटिशीचा खर्च आपणावर बसविला आहे’ इथपर्यंत. त्या सगळ्यातून पेन्सिलने फक्त कारणं अधोरेखित करा. थकबाकी सोडून बाकीची कारणं कलम १६ मध्ये ठरलेली आहेत, मालकाला आलेला कंटाळा त्यात बसत नाही. नुसतं ‘तुमची भाडेकरी संपुष्टात आणत आहे’ एवढंच लिहून भागत नाही. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने १९७९ मध्येच सांगितलंय की भाडे कायद्याखाली जागा घ्यायची तर त्या कायद्यातलं कारणच सिद्ध करावं लागतं, भाडेकरी संपवायची नोटीस दिली की नाही हा मुद्दा गौण आहे. याची दुसरी बाजू पण लक्षात घ्या, ‘नोटीसच चुकीची आहे’ एवढ्यावर तुम्ही पण जिंकणार नाही.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे मालकाला स्वतःसाठी गरज आहे, मुलाचं लग्न, सुनेचा दवाखाना, वगैरे. कोर्ट साधारण असं मानतं की स्वतःची गरज मालकालाच जास्त कळते, त्यामुळे ‘त्याला कशाला पाहिजे, त्याचे तीन फ्लॅट आहेत’ एवढं म्हणून भागत नाही, ते तीन फ्लॅट कुठे, कोणाच्या नावावर, रिकामे की भाड्याने, हे तुम्हाला दाखवावं लागतं. पण या कारणात भाडेकरूसाठी एक मोठी गोष्ट आहे: कोर्टाला दोघांची अडचण तोलून बघावी लागते, आणि हुकूम दिल्याने भाडेकरूची अडचण जास्त होणार असेल तर हुकूम देता येत नाही. कधी कधी अर्ध्या जागेपुरताच हुकूम होतो. म्हणून तुमची अडचण आकड्यात आणि कागदात मांडा, आईचं डायलिसिस जवळच्या हॉस्पिटलमध्ये आहे, पोरगी दहावीला आहे, त्याच भागात घर शोधलं तर किती भाडं सांगतायत. आणि खरंच शोधा, कारण उलटतपासणीत ‘तुम्ही दुसरी जागा बघितली का’ हा प्रश्न येतोच आणि ‘नाही’ हे उत्तर फार महागात पडतं.

दुसरं, ज्याकडे लोक लक्ष देत नाहीत ते, म्हणजे वापर नाही. दावा टाकायच्या लगेच आधीचे सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय जागा ज्यासाठी घेतली त्यासाठी वापरली नसेल तर ते जागा काढून घ्यायचं कारण होतं. दादर-गिरगावातल्या बऱ्याच खोल्या याच कारणावर अडकलेल्या असतात, आजी मुलाकडे ठाण्याला राहायला गेली, खोलीला कुलूप. अशा केसमध्ये साक्षीदारापेक्षा लाईट बिल जास्त बोलतं, महिनोन्महिने शून्य नाहीतर दोन-तीन युनिट दिसले की मालकाचा वकील खूश. कोणी आजारपणासाठी किंवा बदलीमुळे बाहेर असेल तर त्याचे कागद आत्ताच जमवा.

पोटभाडेकरू ठेवला हा आरोप कॉमन आहे. भाचा शिकायला येऊन राहिला तर तो पोटभाडेकरू होत नाही, पण त्याच्याकडून महिन्याला पैसे घेऊन तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात तर मग अवघड आहे. परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं असाही आरोप असतो, त्यात कायद्यानेच सांगितलंय की लाकडी पार्टिशन, दरवाजा, जाळी किंवा किचनचा ओटा, असं काम लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केलं असेल तर त्याला पक्कं बांधकाम म्हणायचं नाही. त्यामुळे ओट्यावरून घाबरू नका. पोटमाळा टाकून लोखंडी जिना चढवला असेल तर मात्र वकिलाला खरं काय ते सांगा.

नोटिशीत ‘मूळ भाडेकरू मयत झाले असून आपण अनधिकृतपणे राहत आहात’ असं असेल तर वडील किंवा आजोबा वारले तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर त्याच जागेत राहत होता याचे पुरावे काढा: रेशन कार्ड, शाळेचा दाखला, मतदार यादी, बँकेचं जुनं पासबुक. राहत्या घराच्या बाबतीत बरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो.

एक वेगळा प्रकार: नोटीस मालकाची नसून पालिकेची असेल, इमारत धोकादायक म्हणून, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी जीव सांभाळा. पण निघण्याआधी तुमच्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून पालिकेच्या यादीत नावासकट चढलंय का ते बघा आणि त्याची कॉपी घ्या. इमारत पडली म्हणजे भाडेकरी संपली असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय.

उत्तर लिहायचंच

नोटिशीला उत्तर द्या असं कुठला कायदा जबरदस्ती करत नाही, पण उत्तर न देणं म्हणजे पुढे कोर्टात ‘तेव्हा का बोलला नाहीत’ या प्रश्नाला आमंत्रण. वकिलाकडून दिलेलं बरं, परवडत नसेल तर स्वतः द्या, फक्त कमी लिहा. गोष्ट सांगू नका, मालकाच्या बायकोने आईला काय म्हटलं ते लिहू नका, आणि ‘दोन महिन्यांत सोडतो’ असं तर कधीच लिहू नका जोपर्यंत खरंच सोडायचं ठरलेलं नाही. साधारण असा मजकूर चालतो:

‘आपली दिनांक अमुक रोजीची नोटीस मला दिनांक अमुक रोजी मिळाली. नोटिशीतील कलम १ मधील जागेचे वर्णन व मासिक भाडे रु. ३५० हा मजकूर बरोबर आहे. कलम ३ मधील थकबाकीचा मजकूर खोटा असून मला मान्य व कबूल नाही. मी मार्च अखेर भाडे बँकेमार्फत दिले असून एप्रिल व मे महिन्याचे भाडे आपल्या अशिलांनी स्वीकारण्यास नकार दिला आहे, सदर रक्कम देण्यास मी सदैव तयार होतो व आहे. कलम ४ मधील पोटभाडेकरूबाबतचा मजकूर खोटा असून जागेत मी व माझे कुटुंबीयच राहतो. आपल्या अशिलांची कथित गरज मला मान्य नाही. सबब सदर नोटीस मागे घ्यावी. माझे इतर सर्व हक्क मी राखून ठेवत आहे.’

बघा, यात प्रत्येक कलमाला वेगळं उत्तर आहे, जे खरं ते मान्य केलंय, बाकी नाकारलंय. नोटीस वकिलाने दिली असेल तर उत्तर वकिलाला आणि एक प्रत मालकाला. स्पीड पोस्टने पाठवा, पोस्टाची पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा प्रिंट दोन्ही फाईलला. १५ दिवसांच्या आत गेलं तर उत्तम, उशीर झाला तरी पाठवाच.

पाणी तोडलं, कुलूप लावलं, पोरं आणली

नळाची लाइन बंद करणं, जिन्यातला दिवा काढणं, कॉमन संडासाला कुलूप लावणं, हे सगळं कलम २९ मध्ये येतं. योग्य कारणाशिवाय आवश्यक सेवा तोडता येत नाहीत, कोर्टात अर्ज केला तर त्या परत सुरू करायचा आदेश मिळतो, आणि मालकावर फौजदारीही होऊ शकते. विजेबद्दल सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की ती मूलभूत सोय आहे आणि मालकाने एनओसी दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही.

धमकी, घरात घुसणं, वाट अडवणं याला ११२ वर फोन करा आणि नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्यात घुसखोरी कलम ३२९, अडवणूक १२६ आणि धमकी ३५१. बऱ्याचदा ‘हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा’ असं ऐकून घ्यावं लागतं, तेव्हा वाद न घालता निदान अदखलपात्र तक्रार (एनसी) तरी नोंदवा म्हणून सांगा आणि तिची कॉपी घेतल्याशिवाय उठू नका. तेही होत नसेल तर तक्रार टाइप करून इनवर्डला (आवक टेबलावर) द्या, पोच म्हणून शिक्का घ्या. मालकाला जागा बघायचा अधिकार आहे, पण आधी कळवून आणि योग्य वेळी, रात्री दहाला दार वाजवून नाही.

तुम्ही गावाला गेलात आणि येऊन बघता तर मालकाने कुलूप बदललंय, तर त्याच दिवशी फोटो, तक्रार आणि वकील. कोर्टाशिवाय कब्जा काढून घेतला असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा टाकून कब्जा परत मागता येतो, त्यात मालकी कोणाची हा प्रश्न येत नाही. सहा महिने म्हणजे सहा महिनेच, सातव्या महिन्यात रडून उपयोग नाही. आणि तुम्ही स्वतः कुलूप तोडू नका, मग तक्रार तुमच्यावर होते.

कोर्टाचं समन्स आलं तर

जुन्या भाडेकरूंचे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात, पुणे-नागपूरसारख्या ठिकाणी तिथल्या लघुवाद न्यायालयात आणि बाकी ठिकाणी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे. पहिल्या तारखेला वकील उभा करा, वकालतनामा द्या, कैफियत (दाव्याला तुमचं लेखी उत्तर) मुदतीत द्या, नाहीतर दावा एकतर्फी चालतो. निकाल विरुद्ध गेला तर अपील ३० दिवसांत.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणात जा, बहुतेक कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. लोकांना वाटतं फुकटचा वकील लक्ष देत नाही, तसं सरसकट नाही, तुमची फाईल तारखेप्रमाणे लावलेली असेल तर कुठलाही वकील जास्त लक्ष देतो.

मिटवायचं ठरलं तर

मिटवणं ही हार नाही, पण सही कुठे करताय ते बघा. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही नाही. ‘जागा स्वखुशीने सोडत आहे’ असलेला कागद पैसे हातात पडायच्या आधी द्यायचा नाही. दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून घ्या. पागडीची जागा सोडताना मोबदला घेणं १९९९ च्या कायद्याने चालतं, त्यामुळे तो रोखीत, अर्धा आत्ता अर्धा नंतर, असल्या फंदात पडू नका, डिमांड ड्राफ्ट घ्या आणि किल्ली त्याच टेबलावर द्या. लायसन्सवाल्यांनी पण तसंच, मीटरचं रीडिंग, नळ, पंखे, भिंती यांचा व्हिडिओ काढायचा, लाईट बिल भरल्याची पावती द्यायची आणि डिपॉझिट खात्यावर आल्याचा मेसेज बघून किल्ली सोडायची.

स्वतःला गरज आहे या कारणावर कोर्टातून जागा गेली असेल तर बाहेर पडल्यावरही तिथे लक्ष ठेवा. कब्जा घेतल्यापासून एक महिन्यात मालक तिथे राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्या कोणाला भाड्याने दिली, तर कलम १७ खाली कोर्टात अर्ज करून जागा परत मागता येते. जुन्या शेजाऱ्यांचे नंबर त्यासाठी मोबाईलमधून उडवू नका, दारावर नवीन पाटी लागली की पहिला फोन त्यांचाच येतो.